सरकार पक्षाची मशाल

ही केस हरायचीच म्हटलं तर त्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागेल, असं किरण गमरेने सकाळी दात घासताना बायकोला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत चेंबूरच्या त्याच्या निम्म्या कॉलनीला ते सांगून झालं होतं.

किरण हा लष्कराचा वकील. हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटतं आणि किरण ते उच्चारायचाही तसंच, मध्ये जरा थांबून. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच रणगाडे, हेर, कोर्टमार्शल असं काहीबाही यायचं. प्रत्यक्षात लष्कराच्या कोठारांत, मेसमध्ये आणि वर्कशॉपमध्ये जी साधी बिनबंदुकीची माणसं नोकरी करतात, म्हणजे स्वयंपाकी, माळी, धोबी, सुतार, त्यांनी काही तक्रार केली की सरकारच्या बाजूने उभं राहायचं, एवढंच त्याचं युद्ध होतं. आणि या युद्धात तो आजवर एकदाही जिंकला नव्हता.

यात त्याचा दोष थोडा आणि लष्करातल्या बदल्यांचा जास्त. ज्या अधिकाऱ्याला केस माहीत असायची, त्याची तारखेच्या आधी हमखास अशा उंचीवर बदली व्हायची की तिथे मोबाइल लागणं सोडाच, चहासुद्धा धड उकळत नसे. नव्या साहेबाला विचारावं तर तो म्हणायचा, फाइल वाचतो आणि सांगतो. फाइल वाचून होईपर्यंत तोही वरच्या थंडीत. एका माळ्याच्या केसमध्ये मोठ्या मिनतवारीने एक सुभेदार साक्षीला आणला, तर तो कोर्टात उभा राहून भलत्याच माळ्याची तारीफ करून गेला. किरण त्याला गप्प बसवू पाहत होता आणि तो अधिकच खुलत होता. ती केस हरल्यावर त्या माळ्याने किरणला गुलाबाचं रोप दिलं, याचं त्याला फार वाईट वाटलं होतं.

आता पॅनेलची मुदत संपत आली होती. पॅनेल म्हणजे सरकारी कामं ज्यांना मिळतात त्या वकिलांची यादी. मुदत वाढवून हवी असेल तर एखादा तरी अनुकूल निकाल दाखवा, असा दिल्लीहून निरोप आला होता. यादीतून नाव गेलं तर किरणला जायला जागाच नव्हती. पूर्वी तो कामगारांच्या बाजूने लढायचा. साकीनाक्याला एका वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर कामगारांचे जुने वकील अण्णा यांचं युनियनचं ऑफिस होतं, तिथे बसून तो सगळं शिकला. मग सरकारी पॅनेल मिळालं आणि तो कोर्टात समोरच्या बाकावर जाऊन बसला. ज्या कामगारांच्या विरुद्ध इतकी वर्षं उभा राहिला, ते त्याला पुन्हा वकीलपत्र कशाला देतील? पॅनेल गेलं की काळा कोट कपाटात जाणार आणि गमरे वकील झेरॉक्सच्या दुकानाबाहेर टेबल टाकून भाडेकरार करून देत बसणार, हे चित्र त्याला भरदिवसा दिसायचं. त्या भीतीनेच तो एवढ्या बढाया मारत असे. दीप्तीला, त्याच्या बायकोला, हे कळत होतं, म्हणून ती दात घासतानाचं भाषण न हसता ऐकून घ्यायची.

केस खरोखरच सोपी होती. मुलुंडच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी लष्कराचं एक इंधनाचं कोठार होतं. तिथल्या मेसमध्ये राजाराम नावाचा माणूस मसालची होता. मसालची हे पद इंग्रजांच्या काळापासून चालत आलंय, आणि मसालचीने काय करायचं हेही तेव्हापासून चालत आलंय. भांडी घासायची, ओटे पुसायचे, स्वयंपाक्याच्या हाताखाली राबायचं. राजारामने इतकी वर्षं बिनतक्रार तेच केलं होतं. पण मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, मसालची म्हणजे नक्की काय हो? तेव्हा घाटकोपरच्या भटवाडीत, सगळ्या पाहुण्यांसमोर, राजारामने सांगून टाकलं की मिलिटरीचा अख्खा मसाला आपल्या हातचा असतो. व्याही खूश झाले. पुढे एकदा ते न कळवता मेसच्या गेटवर भेटायला आले आणि राजाराम कोपरापर्यंत फेसाने माखलेला, बगलेत टोप धरून बाहेर आला. व्याह्यांनी नुसतं टोपाकडे पाहिलं.

त्या दिवसापासून राजारामने भांड्यांना हात लावणं बंद केलं. माझं पद मसाल्याचं आहे, मला भांड्यांना जुंपणं हा अन्याय आहे, अशी तक्रार त्याने केली आणि अण्णांनी ती केस घेतली.

यावर सरकारने एकच ओळ बोलायची होती. मसालची म्हणजे भांडी घासणारा, हा घ्या नियम. विषय तिथेच संपला असता. पण किरणला इतक्या वर्षांनी जिंकायची संधी आली होती आणि ती अशी एका ओळीत उरकणं त्याच्या अगदी जिवावर आलं. त्याला जरा थाटात जिंकायचं होतं.

दीप्ती शाळेत मराठी शिकवायची. मटार सोलता सोलता ती सहज म्हणाली, "मसालचीचा मसाल्याशी काही संबंध नाही रे. तो मुळात मशालची. साहेबापुढे मशाल धरून चालणारा. दिवसा रिकामा बसतो म्हणून त्याला भांड्यांना लावला, आणि बोलता बोलता मशालचीचा मसालची झाला." मग त्याच्या डोळ्यांतली चमक बघून तिने पुढे सांगितलं, "हे कोर्टात बोलू नकोस हं. साधं बोल."

किरणने यातलं फक्त पहिलं ऐकलं.

कामगारांचं न्यायाधिकरण अंधेरीला एका सरकारी इमारतीत भरत असे. त्या दिवशी किरण तिथे जे बोलला, ते त्याच्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण होतं, हे त्याच्या शत्रूनेही कबूल केलं असतं. पालख्या, अंधारे रस्ते, साहेबांचे बंगले, पुढे मशाल घेऊन धावणारे अनवाणी लोक, सगळं त्याने उभं केलं. न्यायाधीश मॅडम पेन खाली ठेवून ऐकत होत्या. कामगारांच्या कोर्टात कोणी पेन खाली ठेवून ऐकणं म्हणजे फारच झालं. किरणला चेव आला. शेवटी मॅडमनी विचारलं की, म्हणजे या पदाचं मूळ काम मशाल धरणं, आणि भांडी हे मागाहून चिकटलेलं जोडकाम, असं सरकारचं म्हणणं आहे का? किरण म्हणाला, अगदी हेच. मॅडमनी विचारलं, शपथेवर द्याल? किरण म्हणाला, आजच देतो.

आणि दिलंसुद्धा. कोठाराचे कर्नलसाहेब सोबत आलेच होते. ते नुकतेच बदलून आलेले, हरयाणाकडचे, अतिशय सरळ गृहस्थ. मराठी शब्दांची त्यांना गंमत वाटली आणि त्यांनी शपथपत्रावर सही केली. खाली वकील म्हणून किरणने केली, जरा मोठीच.

आता अण्णा उसळतील या तयारीने किरण बसला होता. लेथ मशीनच्या आवाजावर बोलायची सवय असल्याने अण्णा कोर्टात नेहमी ओरडूनच बोलत. त्या दिवशी ते सावकाश उठले, चष्मा पुसला आणि हळू आवाजात म्हणाले, "आम्हाला मान्य आहे."

समोरचा आरडाओरडा करत असेल तोवर वकील निवांत असतो. समोरचा 'मान्य' म्हणाला की तो आपलंच भाषण मनात पुन्हा तपासायला लागतो. अण्णांनी शांतपणे मांडलं की राजाराम मशालची आहे हे सरकारनेच सांगितलं, आम्ही मसाल्याचा हट्ट सोडतो. मग त्याला त्याचं मूळ काम द्या. मूळ काम न देता नुसतं जोडकाम करून घ्यायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं? मॅडमना ते पटलं. अंतिम निकाल लागेपर्यंत राजारामला मूळ काम द्यावं आणि भांड्यांची सक्ती करू नये, असा हुकूम तिथल्या तिथे झाला.

बाहेर राजाराम गोंधळून उभा होता. मला मसाला पाहिजे होता, ही मशाल मध्येच कुठून आली, असं तो अण्णांना विचारत होता. अण्णांनी त्याला गप्प केलं. भांडी गेली ना, मग झालं. जाता जाता त्यांनी किरणच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, मी स्वतः बोललो असतो तर इतकं चांगलं बोललो नसतो." किरणला हे ऐकून अण्णांचा हात झटकून टाकावासा वाटला आणि रडावंसंही वाटलं.

तरी त्याने मनाची समजूत घातली. असे हुकूम खूप होतात, कोण पाळतं. पण तो नेहमीच्या सरकारी खात्यांच्या हिशेबाने विचार करत होता. लष्करात हुकूम पाळतात.

दुसऱ्याच दिवशी कर्नलसाहेबांचा फोन आला. मशाल किती लांबीची हवी, असं ते विचारत होते. किरणने हसत सांगितलं की साहेब, हे नुसतं नावापुरतं असतं, एवढं मनावर घ्यायचं नाही. कर्नलसाहेब हसले नाहीत. माझ्या सहीने शपथेवर सांगितलंय, वर कोर्टाचा हुकूम आहे, आणि माणूस सकाळपासून कामाची वाट बघत उभा आहे, असं ते म्हणाले. कोठाराच्या सामानात मशाल नावाची वस्तूच नव्हती, म्हणून त्यांनी राजारामला मोठी बॅटरी दिली. राजाराम दिवसभर भर उन्हात ती पेटवून मेसच्या दारात बसला. अण्णांनी हरकत घेतली. सरकारने शपथेवर मशाल म्हटलंय, बॅटरी नाही. मग कोठारातल्या सुताराने दांडा तासला, चिंध्या गुंडाळल्या, तेल ओतलं आणि एक देखणी मशाल तयार झाली. तिचा फोटो कर्नलसाहेबांनी किरणला मंजुरीसाठी पाठवला. किरणने तो पाहिला आणि फोन उलटा करून ठेवला.

आता अडचण अशी की ते इंधनाचं कोठार. तिथे गेटवर माणसाच्या खिशातली काडेपेटीसुद्धा काढून घेतात. आगीचं खातं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने पेटती मशाल बघितली आणि त्याला बसायला खुर्ची द्यावी लागली. मशाल आत येणार नाही, म्हणजे नाही. कर्नलसाहेबांनी हुकूम पुन्हा वाचला. काम द्यावं असं त्यात होतं, कुठे द्यावं हे नव्हतं. तेव्हा त्यांनी राजारामला मुख्य गेटच्या बाहेर, रस्त्याला लागून उभं केलं. अंगात मेसचा खाकी गणवेश, हातात धगधगती मशाल, एका बाजूला वाळूच्या बादल्या आणि दुसऱ्या बाजूला बंब घेऊन सावधान उभे असलेले जवान.

आणि नेमकी त्याच वेळी महापालिकेची निवडणूक लागलेली होती. मुंबईत सध्या मशाल हे नुसतं उजेडाचं साधन राहिलेलं नाही, एका पक्षाची निशाणी आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कर्नलसाहेब हरयाणाचे, त्यांना माहीत नव्हतं. किरण मुंबईचा, त्याला माहीत होतं, पण फोन उलटा ठेवल्यामुळे मशाल रस्त्यावर आल्याचं त्याला कळलंच नाही.

लष्कराच्या गेटवर सरकारी गणवेशातला माणूस भरदिवसा मशाल घेऊन उभा, हे बघून आधी रिक्षा हळू झाल्या, मग थांबल्या. काही लोकांनी उत्साहाने घोषणा दिल्या. एका बाईने राजारामला ओवाळलं, कोणीतरी हार घातला. मग दुसऱ्या बाजूचे लोक आले आणि त्यांनीही घोषणा दिल्या, वेगळ्या. राजाराम कोणालाच नाही म्हणाला नाही. त्याचे व्याही बातमी ऐकून धावत आले, हार घातलेल्या राजारामशेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढला आणि तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. तो फोटो फिरत फिरत निवडणुकीच्या भरारी पथकापर्यंत पोचला. पथक गाडी घेऊन आलं आणि मशाल जप्त करायला लागलं. जवान ती देईनात, कारण ती सरकारी मालमत्ता. पथक म्हणे आम्हीही सरकारच. या ओढाताणीत बंबाचं पाणी सुटलं आणि मशाल, पथक आणि व्याही सगळेच ओले झाले.

किरणला हे कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समजलं. खाली कोणीतरी विचारलं होतं, गमरे वकील, तुमच्या मिलिटरीने पक्ष काढला का?

सैन्याला राजकारणाची जेवढी धास्ती असते तेवढी कशाचीच नसते. सीमेवर गोळ्या खाल्लेले कर्नलसाहेब भरारी पथकाच्या नोटिशीने पांढरेफटक पडले. दिल्लीहून त्यांना फोन आला, त्यांच्याकडून तो किरणला आला, आणि दोन्हींचा अर्थ एकच होता. मशाल उद्याच्या उद्या मागे घ्या, नाहीतर पॅनेल विसरा.

घरी किरण बराच वेळ पंख्याकडे बघत बसला होता. दीप्ती शेजारी येऊन बसली. उद्या फक्त एवढंच सांग, ती म्हणाली, की मसालची म्हणजे भांडी घासणारा. बाकी काही नको. किरण म्हणाला, "ते आता कसं सांगू गं? ते नुसतं जोडकाम आहे, हे मीच शपथेवर देऊन बसलोय." आपल्याला वकिली येते का, असा प्रश्न त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पडला, आणि उत्तर त्याला आवडलं नाही. दीप्तीने त्याचा कोट तेवढा ब्रशने साफ करून ठेवला.

पुढच्या सुनावणीला कर्नलसाहेब किरणच्या अगदी पाठीला चिकटून बसले होते. किरणने मशालीबद्दलचं म्हणणं मागे घेतलं. मॅडमनी ते घेऊ दिलं, कारण त्यांनीही तो फोटो पाहिला होता. पण भांडी हे जोडकाम असल्याची कबुली मागे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. सरकार सोयीप्रमाणे शपथा बदलू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की, मशाल नाही, भांडी जोडकाम, तर या पदाचं मूळ काम तरी कोणतं? की ज्या पदाला कामच नाही अशा पदावर सरकारने माणूस ठेवलाय, असं लिहून घेऊ?

असं लिहिलं गेलं असतं तर कर्नलसाहेबांची उरलेली नोकरी खुलासे देण्यात गेली असती. त्यांनी मागून किरणचा गाऊन ओढला. मशाल सोडून काहीही सांगा, असं ते कळवळून कुजबुजत होते. किरणने आढ्याकडे पाहिलं, समोर पाहिलं.

"मसाला, मॅडम," तो म्हणाला.

अण्णा उठले. "आम्हाला हेही मान्य आहे."

झालं. हेही रीतसर शपथपत्रावर आलं, कर्नलसाहेबांची सही, खाली किरणची, या वेळी अगदी बारीक. मसालचीचं मूळ काम मसाला तयार करणं आहे आणि भांड्यांची त्याच्यावर सक्ती करता येणार नाही, असा अंतिम निकाल लागला. राजारामने जे मागितलं होतं ते त्याला तंतोतंत मिळालं, आणि ते सरकारनेच सिद्ध करून दिलं होतं.

पॅनेलवरून नाव गेल्याचं कर्नलसाहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा. फोन मध्येच तुटला, कारण ते वर निघाले होते आणि रेंज जात होती.

पुढे किरणला जे चित्र दिसायचं, ते जसंच्या तसं खरं झालं. चेंबूर स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर त्याने टेबल टाकलं आणि भाडेकरार करून द्यायला लागला. लोक त्याला वकील न म्हणता एजंट म्हणायचे. घरमालक आणि भाडेकरू दोघांनाही घाई असे, कोणाला भाषण नको असे. सकाळी दात घासताना आता बेसिनच्या नळाचा तेवढा आवाज यायचा.

एक दिवस टेबलासमोर राजाराम येऊन उभा राहिला. डोळे लाल, नाकातून पाणी, हात सुजून बनपावासारखे झालेले. किरणने घाबरून त्याला आधी बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

कर्नलसाहेबांच्या जागी नवे साहेब आले होते आणि लष्कराच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच, त्यांनी फाइल खरोखर वाचली होती. मसालचीचं मूळ काम मसाला. ठीक. पण मेसमध्ये मिक्सर आहे, आणि मिक्सरवर मसाला चहा पिऊन होईपर्यंत तयार होतो. मग उरलेला दिवस हा माणूस काय करतो? ऑडिटवाल्यांनी विचारलं तर काय सांगायचं? साहेबांनी मिक्सर स्टोअरमध्ये जमा केला आणि बाजारातून भलाथोरला पाटा-वरवंटा मागवला. आता राजाराम सकाळपासून संध्याकाळपर्यंत अख्ख्या मेसची मिरची, धणे, खोबरं, लसूण वाटत होता. हातांची आग रात्रभर जात नव्हती. बायको ताटाला हात लावू देत नव्हती, नातवाला उचलून घ्यायची सोय राहिली नव्हती. मेसच्या मागे भांडी घासायला आता कंत्राटी माणूस येई, गार पाण्याच्या नळाखाली हात धरून गाणी म्हणत बसे, आणि राजाराम इकडून त्याच्याकडे बघत राही.

अण्णांकडे गेलो होतो, तो म्हणाला. जिंकलेली केस आपण हरायला जात नाही, असं सांगून अण्णांनी वाटेला लावलं.

"साहेब, माझी भांडी मला परत मिळवून द्या," राजाराम म्हणाला.

किरणला आपण जे ऐकतोय त्यावर विश्वास बसेना. त्याने विचारलं की मी तर तुझ्याविरुद्ध लढलो, मग माझ्याकडे कसा आलास? राजाराम निरागसपणे म्हणाला, "तुमच्यामुळंच तर मला सगळं मिळालं ना."

त्यातला टोमणा, तो टोमणा होता की नाही हे देव जाणे, किरणने गिळला. एका कामगाराने त्याला वकीलपत्र दिलं होतं. दिवस पालटत होते. त्याने टेबल आवरलं, घरी येऊन कपाटातून कोट बाहेर काढला आणि दीप्तीला सांगितलं की या वेळी इतिहास नाही, पालख्या नाहीत, काही नाही. एकच ओळ. मसालची म्हणजे भांडी घासणारा, हा घ्या नियम. दीप्तीने मान डोलावली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा मोकळी हसली, आणि ते बघून किरणला भरून आलं.

अंधेरीला समोर सरकारची नवी वकील होती. रुचिका नाव, घाटकोपरची गुजराती मुलगी, मराठी किरणपेक्षा स्वच्छ. ज्या भांडणात आधी सरकारकडून उभे होतात, त्यातच आता सरकारविरुद्ध उभं राहता येत नाही, असं मॅडमनी सुरुवातीलाच किरणला बजावलं. सरकारची संमती असेल तरच. त्यांनी रुचिकाकडे पाहिलं. रुचिका नम्रपणे म्हणाली की सरकारची अजिबात हरकत नाही, मिस्टर गमरे समोर असलेले सरकारला चालतील. किरणने मान लववून आभार मानले. त्याला ते कौतुक वाटलं होतं.

मग तो आपली एक ओळ बोलला, नियमाचा कागद पुढे केला आणि खाली बसला. इतकं थोडक्यात आणि इतकं बिनतोड तो आयुष्यात बोलला नव्हता. मॅडमनी कागद वाचला, मान हलवली, पेन उचललं. किरणच्या छातीत धडधडायला लागलं. जिंकताना असं वाटत असावं, असं त्याला वाटलं.

रुचिका उठली. तिने वाद घातलाच नाही. जुन्या फाइलीतली दोन शपथपत्रं काढून ती सावकाश वाचायला लागली. भांडी घासणं हे या पदाचं निव्वळ मागाहून चिकटलेलं जोडकाम होय. या पदाचा आत्मा मसाला होय. भाषा घोटीव होती, कुठे बोट शिरवायला फट नव्हती. राजाराम जळजळत्या डोळ्यांनी ऐकत होता. न राहवून त्याने किरणच्या कानाशी तोंड नेलं. "कुणी लिहिलंय हो हे? आपली पार वाट लावली."

वाचन संपलं. मॅडमनी दोन्ही कागद हातात घेतले, खालची नावं पाहिली, चष्मा काढला आणि बऱ्याच सौम्य आवाजात विचारलं, "मिस्टर गमरे, या शपथपत्रांना तुमची काही हरकत?"

किरण उभा राहिला.

"हरकत कशी घेणार, मॅडम," तो म्हणाला. "सही माझीच आहे."